चिप बसवली, तरी गेम का चालत नाही?

सोनीचं पहिलं प्लेस्टेशन 3 डिसेंबर 1994 रोजी जपानमध्ये विक्रीला आलं. पुढच्या काही वर्षांतच त्याच्या पोटात आठ पायांची एक चिमुकली चिप बसवायची पद्धत जगभर पसरली, आणि जुनी कन्सोल जपणारी मंडळी ती आजही बसवतात. कुणाच्या डिस्कवर ओरखडे पडू लागलेले असतात आणि अस्सल डिस्क कपाटात ठेवून तिची प्रत खेळायची असते. कुणाला जपानी आवृत्ती युरोपी यंत्रावर चालवायची असते. चिप स्वस्त, तारा स्वस्त, जोडणीच्या आकृत्या सहज मिळणाऱ्या, त्यामुळे काम सोपं वाटतं. मग झाकण लावून बटण दाबलं, की पुष्कळदा गेम सुरूच होत नाही.

अशा वेळी हात आधी सोल्डरिंग आयर्नकडे जातो. तो आवरा, एवढी एक विनंती या लेखाच्या सुरुवातीलाच करतो. एकच जोड पुन्हा पुन्हा तापवला की बोर्डावरचा तांब्याचा पॅड उखडतो, आणि मग पाच मिनिटांत निघणारा दोष पाच तासांचा होऊन बसतो. माझं ठाम मत आहे की चिपवर ठपका ठेवलेल्या यंत्रांपैकी कित्येकांत चिप अगदी निर्दोष असते. म्हणून दोष चिपचा आहे की दुसऱ्या कशाचा, हे आधी ठरवायचं. त्याला लागतो एक मल्टिमीटर, एक अस्सल डिस्क आणि टीव्हीच्या पडद्याकडे नीट पाहण्याची सवय.

चिप नेमकं काय करते, ते आधी समजून घेऊ. प्लेस्टेशनच्या डिस्कची खालची बाजू काळी असते, आणि नक्कल रोखायची युक्ती त्या काळ्या रंगातच आहे असा समज फार पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. ड्राइव्हचा लेझर 780 नॅनोमीटरचा, म्हणजे अवरक्त असतो. त्याच्या लेखी तो काळा थर पारदर्शकच. खरी खूण असते डिस्कच्या अगदी आतल्या कडेला, लीड-इन नावाच्या पट्ट्यात. सीडीवरची माहिती एका लांबलचक सर्पिल रेघेवर असते. कारखान्यात छापलेल्या प्लेस्टेशन डिस्कवर लीड-इनमधली ही रेघ मुद्दाम किंचित डोलवलेली असते. नांगरताना बैल जरा इकडेतिकडे झाले की तास नागमोडी होतो, पण त्यात पेरलेलं बी तेच राहतं, तसाच हा प्रकार. सीडी रायटर बियाण्याची प्रत काढतो, तासाच्या वळणांची नाही. कोऱ्या सीडी-आरवर तर कारखान्यातच स्वतःची वेगळी खाच आखलेली असते, त्यामुळे घरच्या रायटरला हे डोलणं उमटवताच येत नाही.

त्या डोलण्यात चार अक्षरं दडलेली असतात. जपानी डिस्कवर एससीईआय, अमेरिकी डिस्कवर एससीईए, युरोपी डिस्कवर एससीईई. रेघेच्या मागोमाग जाताना लेझरचं भिंग जे डावं-उजवं होतं, त्या हालचालीच्या सिग्नलमधून ही अक्षरं वाचली जातात आणि ड्राइव्ह सांभाळणाऱ्या एका छोट्या प्रोसेसरकडे पोचतात. दुरुस्तीवाले त्याला मेकॅकॉन म्हणतात. अक्षरं जुळली तर तो दार उघडतो, नाही तर डिस्क परत पाठवतो. चिप एवढंच करते, की त्या सिग्नलच्या वाटेवर ही चार अक्षरं स्वतःच पाठवत राहते. वेग सेकंदाला 250 बिट, म्हणजे एका बिटाला 4 मिलिसेकंद. प्रत्येक अक्षराचे आठ बिट, त्यांच्या आधी सुरुवातीचा एक आणि नंतर शेवटाचे दोन. चार अक्षरांचे झाले 44 बिट, 176 मिलिसेकंद. मग थोडी उसंत आणि पुन्हा तेच.

गेमच्या माहितीला चिप हातही लावत नाही, हे इथे लक्षात ठेवा. गेम सुरू होऊन व्हिडिओ धक्के देत चालला, आवाज तुटला, एखादी लेव्हल उघडेना, तर त्याचं कारण बहुतेक वेळा लेझरमध्ये किंवा डिस्कमध्ये सापडतं.

आता पडद्याकडे पाहू. बटण दाबल्यावर आधी पांढऱ्या पार्श्वभूमीवर सोनीचं नारिंगी चौकटीचं चिन्ह येतं. ते यंत्राच्या आतल्या बायॉसमधून, म्हणजे सुरुवातीच्या प्रोग्रॅममधून येतं, त्याला डिस्क लागत नाही. ते दिसलं म्हणजे मुख्य प्रोसेसर, मेमरी आणि चित्राचा भाग ठीक आहे. त्यानंतर काळ्या पार्श्वभूमीवर प्लेस्टेशनचं चिन्ह येतं, पण डिस्क मंजूर झाली आणि तिच्यावरचा परवान्याचा भाग वाचता आला तरच. या दोन पडद्यांच्या मध्ये काय होतं, त्यावर सगळं निदान ठरतं.

पांढऱ्या पडद्यानंतर थेट मेमरी कार्ड आणि सीडी प्लेअरचा मेनू आला, जणू आत डिस्कच नाही, तर ड्राइव्हला डिस्क दिसलेलीच नाही. चिपची पाळी अजून आलेलीच नसते. यंत्र उघडं ठेवून तपासत असाल तर आधी झाकणाखालचं छोटं बटण दाबलं गेलंय का पाहा. झाकण बंद झाल्याचं यंत्राला त्या बटणावरूनच कळतं, आणि वरचं कव्हर काढल्यावर ते दाबायला कुणी उरत नाही. हे विसरून चिप काढून टाकणारे लोक आहेत.

प्लेस्टेशनची डिस्क घाला असा संदेश आला, तर मात्र चिपची चौकशी योग्य. ड्राइव्हने डिस्कची अनुक्रमणिका वाचली, तिच्यावर गेमची माहिती आहे हेही ओळखलं, फक्त चार अक्षरं पोचली नाहीत. आणि काळा पडदा येऊन त्यानंतर यंत्र अडकलं, तर चिपने आपलं काम केलेलं आहे. दोष पुढे कुठेतरी शोधायचा.

याच टप्प्यावर त्याच प्रदेशाची अस्सल डिस्क घालून पाहायची. अस्सल चालते आणि प्रत चालत नाही, तर वाट वरच्यासारखी. अस्सलसुद्धा चालत नसेल, तर चिप बसवण्याआधी यंत्र चालत होतं का, हे आठवा. चालत होतं, तर चिपची सिग्नलची वाट अडवणारी तार आणि अक्षरं पाठवणारी तार अशा दोन्ही सोडवून पुन्हा तपासा. नुसती पॉवरची तार काढून भागत नाही, कारण वीज नसलेली चिपही आपल्या पायांतून सिग्नल खाली ओढू शकते. तारा सोडवल्यावर अस्सल डिस्क चालली तर जोडणीत दोष. तरीही चालली नाही तर ड्राइव्हकडे वळा.

ड्राइव्हबद्दल थोडक्यात सांगतो. सुरुवातीच्या मॉडेलांत लेझरची गाडी प्लास्टिकवर घासत चालायची, ते झिजलं की लेझर तिरका व्हायचा. यंत्र उलटं ठेवून खेळणारी पोरं त्या काळी घरोघरी होती, त्याचं कारण हेच. असा थकलेला लेझर अस्सल डिस्क कशीबशी वाचतो आणि सीडी-आरवर हार मानतो, कारण सीडी-आर प्रकाश कमी परतवते. सीडी-आरडब्ल्यू तर त्याहून पुष्कळ कमी, म्हणून तपासणीसाठी ती वापरूच नका. प्रत काढताना इमेजची क्यू फाइल निवडून डिस्क लिहा. आतल्या फायली डिस्कवर नुसत्या ओढून टाकल्या, तर चिप कितीही चांगली असो, यंत्र सुरू होणार नाही. लेझरच्या ताकदीचा छोटा स्क्रू फिरवायचा मोहही टाळा. फिरवायचाच असेल तर आधी त्याचा मूळ रोध मल्टिमीटरने मोजून लिहून ठेवा.

आता विजेकडे. जुन्या चौकोनी प्लेस्टेशनमध्ये पॉवर सप्लाय यंत्राच्या आतच असतो आणि घरची वीज थेट त्या उघड्या पट्टीवर येते. कव्हर काढून तपासताना तिथे बोट लागलं तर जिवावर बेतेल. प्लग काढल्यावरही तिथल्या कपॅसिटरमध्ये काही वेळ भार राहतो. त्या पट्टीवर पुठ्ठ्याचं किंवा प्लास्टिकचं झाकण टेकवून ठेवा, आणि यंत्र चालू असताना एकच हात आत घाला. आणखी एक, जपानी यंत्र 100 व्होल्टचं आणि अमेरिकी 120 व्होल्टचं. आपल्या 230 व्होल्टच्या सॉकेटला ती सरळ लावली तर चिपचा प्रश्न कायमचाच मिटतो. 2000 साली आलेल्या छोट्या पीएस वनला मात्र 7.5 व्होल्टचा बाहेरचा अडॅप्टर असतो, तिथे हा धोका नाही.

मुख्य बोर्डाला पॉवर सप्लायकडून 3.5 व्होल्ट आणि सुमारे 7.5 व्होल्ट असे दोन पुरवठे मिळतात. चिपला 3.5 चा लागतो. नेहमीच्या पिक 12 सी 508 जातीच्या चिपचा पहिला पाय पॉवरचा आणि आठवा ग्राउंडचा. यंत्र चालू करून या दोन पायांवरच व्होल्टेज मोजा. बोर्डावरच्या पॅडवर मोजू नका, कारण तार आणि पाय यांच्यातला ड्राय सोल्डर तिथे कळत नाही. पायांवर साडेतीनच्या आसपास आकडा आला तर पॉवरचा विषय संपला. यंत्राचा हिरवा दिवाच लागत नसेल, तर प्लग काढून 3.5 व्होल्टच्या रेघेचा ग्राउंडशी रोध मोजा. मीटर सलग वाजत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. चिपची पॉवरची तार सोडवून पुन्हा मोजा, म्हणजे शॉर्ट तुमच्या जोडणीत आहे की बोर्डात ते कळेल. शॉर्ट निघूनही दिवा लागला नाही तर बोर्डावरचे बारीक फ्यूज तपासा. एखादा क्षणभराच्या चुकीने उडालेला असतो.

पॉवर ठीक असेल तर तारा. इथे सगळ्यात जास्त फसगत करते ती आकृती. प्लेस्टेशनच्या बाहेरच्या मॉडेल क्रमांकावर विसंबून आकृती निवडू नका, मुख्य बोर्डावर छापलेला क्रमांक वाचा. पीयू-8, पीयू-18, पीयू-20, पीयू-22, पीयू-23 आणि छोट्या पीएस वनमध्ये पीएम-41. सहसा 5500 च्या मालिकेत पीयू-18, 7000 मध्ये पीयू-20, 7500 मध्ये पीयू-22 आणि 9000 मध्ये पीयू-23 सापडतो, पण शब्द अखेर बोर्डाचा. पीयू-20 आणि पीयू-22 यांच्यातला फरक तर मूळ पद्धतीतच आहे. पीयू-20 पर्यंतच्या बोर्डांवर चिप डिस्ककडून येणारा सिग्नल एका तारेने दाबून धरते आणि दुसरीने साधे शून्य-एक पाठवते. पीयू-22 पासून मेकॅकॉनला ही अक्षरं डब्ल्यूएफसीके नावाच्या, सुमारे 7.35 किलोहर्ट्झच्या ठोक्यावर बसवून हवी असतात. साधे शून्य-एक पाठवले तर त्याला ते ऐकूच येत नाहीत. चांगल्या चिपा चालू झाल्याबरोबर हा ठोका येतोय का ते तपासून आपली पद्धत निवडतात. म्हणजे पीयू-22 वर डब्ल्यूएफसीकेची तार नीट चिकटली नसेल, तर चिप बोर्डाला जुना समजते आणि जुन्या पद्धतीने निमूट चुकीचं बोलत राहते. चिप ठीक, पॉवर ठीक, पडद्यावर मात्र तोच नकार.

तारांची तपासणी चिपच्या पायापासून थेट बोर्डावरच्या आयसीच्या पायापर्यंत करा, म्हणजे मधले दोन्ही जोड एकदम पारखले जातात. मीटर वाजत असताना दात कोरायच्या काडीने जोड हलकेच दाबा. आवाज तुटला तर जोड कच्चा. मग लगतच्या पायांशी शॉर्ट नाही ना ते पाहा. आयसीचे पाय इतके जवळ असतात की सोल्डरचा केसाएवढा पूल डोळ्यांना दिसत नाही. भिंगातून पाहिल्याशिवाय ठीक आहे म्हणू नका. 30 गेजची बारीक तार, चांगला फ्लक्स आणि शिसेमिश्रित सोल्डर घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर तिन्ही मिळतात. यंत्र उघडं असताना चालतं आणि झाकल्यावर थांबतं, ही तक्रार असेल तर वरचा धातूचा पत्रा तारेला चिमटतोय किंवा चिपच्या पायांना टेकतोय. चिपखाली कॅप्टॉन टेप लावली की ते मिटतं.

पॉवर आहे, तारा आहेत, आकृतीही बरोबर आहे, तरी संदेश तोच. इथे बहुतेक जण चिप फेकून देतात, आणि इथेच सगळ्यात समाधान देणारा दोष सापडतो. तो वेळेचा. एका बिटाला 4 मिलिसेकंद हे माप चिप आपल्या आतल्या घड्याळावरून काढते. पिक जातीच्या काही चिपांत कारखान्यात त्या घड्याळाची दुरुस्ती मोजून एक आकडा मेमरीच्या शेवटच्या जागी लिहिलेला असतो. स्वतः प्रोग्रॅम भरताना चिप पूर्ण पुसली, तर तो आकडाही पुसला जातो आणि घड्याळ पुढे-मागे धावू लागतं. चिप जिवंत असते, बोलतही असते, फक्त बेताल. म्हणून पुसण्याआधी तो आकडा वाचून लिहून घ्यायचा आणि प्रोग्रॅमबरोबर परत भरायचा.

अलीकडे पीएसनी नावाचा खुला प्रोग्रॅम एटीटायनी 85 सारख्या चिपवर भरतात. तिथला दोष याहून गमतीचा आहे. ही चिप कारखान्यातून येते तेव्हा तिचं 8 मेगाहर्ट्झचं घड्याळ आठाने भागलेलं असतं, म्हणजे ती 1 मेगाहर्ट्झने चालते. प्रोग्रॅम 8 साठी लिहिलेला. चिपचं घड्याळ ठरवणारं फ्यूज सेटिंग न बदलता तो भरला तर 4 मिलिसेकंदांचा बिट 32 मिलिसेकंदांचा होतो, आणि मेकॅकॉनला काहीच उमगत नाही. हा दोष डोळ्यांनी पाहायचा तर आठ वाहिन्यांचा स्वस्त लॉजिक अॅनलायझर अक्षरं पाठवणाऱ्या तारेला लावा. जुन्या बोर्डावर पडद्यावर सरळ पायऱ्या दिसतात. सगळ्यात अरुंद पायरीची रुंदी मोजा. 4 मिलिसेकंद आली तर घड्याळ बरोबर, 32 आली तर उत्तर हातात आलं. पीयू-22 आणि नंतरच्या बोर्डांवर त्याच पायऱ्यांमध्ये बारीक ठोक्यांचे गुच्छ भरलेले दिसतील, तिथे गुच्छाची रुंदी मोजायची. आणि तारेवर काहीच हालचाल नसेल, तर चिपमध्ये प्रोग्रॅमच नाही किंवा ती सुरूच होत नाही.

काही तक्रारी अर्धवट यशाच्या असतात. पहिल्यांदा चालू केल्यावर गेम चालतो, रीसेट दाबल्यावर नाही, तर रीसेटची तार पाहा. 1997 च्या फायनल फँटसी 7 सारख्या तीन डिस्कच्या गेममध्ये पहिली डिस्क चालते आणि दुसरीला यंत्र नकार देतं, तर झाकणाची तार पाहा. झाकण उघडलं की मेकॅकॉन पुन्हा चार अक्षरं मागतो, आणि झाकण उघडल्याचं चिपला कळलंच नाही तर ती गप्प राहते.

काळा पडदा येऊन गेम स्वतःच थांबत असेल, यंत्रात बदल केल्याचा इशारा देत असेल, तर चिप जुन्या पद्धतीची आहे. सुरुवातीच्या चिपा चार अक्षरं सतत बडबडत असत. नंतरच्या काळातल्या काही गेमनी यावर नेमका उपाय काढला. लेझर डिस्कच्या माहितीच्या भागात असताना ही अक्षरं यायलाच नकोत. तरी आली तर चिप आहे हे उघड झालं. म्हणून पुढच्या चिपा काम झाल्यावर गप्प राहू लागल्या. पीएसनी तर लेझर नेमका कुठे आहे हे वाचून फक्त लीड-इनमध्येच बोलतो. अशा वेळी जुनी चिप बदलणं हाच मार्ग, सोल्डरिंग करून काही होणार नाही. युरोपी गेमपैकी काहींत लिबक्रिप्ट नावाचं आणखी एक कुलूप असतं. त्याची किल्ली डिस्कच्या उपवाहिनीत असते आणि साधी प्रत काढताना ती गळून पडते. 2000 च्या स्पायरो: इयर ऑफ द ड्रॅगनमध्ये तर प्रतीत फेरफार झालेला आढळला की गेम लगेच थांबत नाही, पुढे जाऊन हळूहळू बिघडत जातो. या दोन्हींत चिपचा काही संबंध नाही.

रंगांची तक्रारही अशीच चिपच्या माथी मारली जाते. युरोपी यंत्रावर अमेरिकी किंवा जपानी गेम सुरू झाला, पण चित्र कृष्णधवल. पाल, म्हणजे युरोपी यंत्राचं चित्राचं घड्याळ 53.203425 मेगाहर्ट्झचं, तर एनटीएससी, म्हणजे अमेरिकी आणि जपानी यंत्राचं 53.693175 चं. रंगाचा सिग्नल याच घड्याळातून निघतो, त्यामुळे 60 हर्ट्झच्या चित्राबरोबर तो टीव्हीला ओळखू येत नाही. आरजीबी केबल लावली की रंग येतात, कारण तिथे तो सिग्नल लागतच नाही. छोट्या पीएस वनच्या युरोपी मॉडेलचं, म्हणजे एससीपीएच-102 चं, आणखी एक वेगळेपण आहे. त्याचा बायॉस डिस्कवरचा प्रदेश स्वतःही तपासतो. परदेशी गेमसाठी तिथे साधी चिप पुरत नाही, बायॉसला चकवणारी खास चिपच लागते.

कायद्याचंही सांगायला हवं. ऑस्ट्रेलियाच्या उच्चतम न्यायालयाने ऑक्टोबर 2005 मध्ये, प्लेस्टेशनची चिप विकणाऱ्याविरुद्ध सोनीने केलेल्या दाव्यात, तेव्हाच्या कायद्याने ती बेकायदा ठरत नाही असा निकाल दिला. आपल्याकडे 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात 65 अ हे कलम आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं तांत्रिक संरक्षण तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. विकत घेतलेली डिस्क जपणं आणि दुसऱ्याचा गेम फुकट उडवणं यांतला फरक पाळा.

आणि यंत्र चालू लागलं की झाकण लावण्याआधी एका चिठ्ठीवर बोर्डाचा क्रमांक, चिपचा प्रकार, तिच्यातल्या प्रोग्रॅमचं नाव आणि कोणत्या रंगाची तार कुठे गेली ते लिहून ती वरच्या कव्हरच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या वेळी हे यंत्र जो उघडेल, त्याला मल्टिमीटर हातात घेण्याआधी ही चिठ्ठी मिळायला हवी.